मॅट का फुगते ते सापडलं. आता पाया बदलायचा

भुसावळच्या शेडमधली आमची ज्युदोची मॅट पुन्हा उठली. सकाळी सहाला सपाट, दुपारी तीनला मधल्या दोन रांगा चार बोटं वर. खाली पोकळी, त्यामुळे उचिकोमीत (फेकीची सुरुवात पुन्हापुन्हा घोटताना) फिरणारा पाय खचतो आणि पीळ गुडघ्याला बसतो. मागच्या नोंदीत दोष दुहेरी टेपवर ढकलला होता. टेप वाईटच (उन्हात तिचा डिंक पाघळतो, काढताना मॅटची साल निघते), पण मूळ दुखणं वेगळं निघालं.

एक मीटरचे 40 मिमी जाडीचे 64 तुकडे जानेवारीत पहाटेच्या गारव्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत ठासून बसवले होते. मॅटचा ईव्हीए फोम तापला की पसरतो. तापमान 30 अंशांनी चढलं तर 8 मीटरची रांग हिशेबाने 4 सेंमीच्या आसपास लांबते. चारी बाजूंना भिंत, मग जाणार कुठे? वर.

भर दुपारी फुगलेली मॅट मापात कापून बसवू नका. थंडीत फोम आकसतो, सांध्यांत फट पडते आणि आशी-वाझाला (पायाच्या डावांना) अंगठा नेमका तिथेच अडकतो. जमलं ते असं: सगळे तुकडे सुटे करून सकाळी पुन्हा जोडले. दोन लगतच्या भिंतींकडची कड 5 सेंमीने कापली. त्या फटीत एसीच्या पाइपावर चढवतात तो काळा फोम भरला, 6 फुटी 9 नळ्या लागल्या. उन्हाळ्यात तो दबतो, हिवाळ्यात फुगतो. कायमचा दबलेला राहिला तर दरवर्षी बदलायचा, खर्च किरकोळ. पत्र्याला वरून चुना मारला.

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आठवड्यात दुपारीही मॅट जागची हलली नाही! त्या शनिवारी 14 मुलांची उकेमी (पडताना हात आपटून सावरणं) एका ठेक्यात बसली, जिनिंगमध्ये रुईची गठाण पडावी तसा एकच आवाज.

नवी मॅट घेणाऱ्यांनी काटा सोबत न्यावा. घनता घनमीटरला 100 किलो असेल तर 40 मिमीचा तुकडा 4 किलो भरतो. तीन किलोचा 'ज्युदो मॅट' म्हणून गळ्यात मारतात, त्यावर सेओइ-नागे (खांद्यावरून फेक) खाल्ली की फरशी पाठीला कळते.

आता पुढचं. संस्था नोंदणीला लागणारे सात सभासद जमले, 1860 च्या कायद्याखालचे कागद पावसाळ्याआधी देऊ. पण ज्युदोची शाळा म्हणजे एका वेळी दोन बॅच. त्यासाठी फेकींचा 4 बाय 4 मीटरचा वेगळा चौथरा ठरवला होता: 18 मिमीच्या 6 प्लाय शीट, खाली दर 30 सेंमीवर फोमचे ठोकळे. हे लिहिताना लक्षात आलं की चौथऱ्याची कड म्हणजे मॅटच्या मधोमध पायरी. घोटा जायचा. मग सगळ्या 64 चौरस मीटरखाली प्लाय, निदान 22 शीट.

6 शीटची ऑर्डर थांबवली आहे. आधी दोन शीटचा तुकडा जोडून त्यावर आठवडाभर फेकी घेऊ.