खेप कुठे रिकामी होते? : आमची वाटचाल

२०११ साली पतसंस्थेचं कर्ज काढून मी संडासच्या टाक्या उपसणारी ५,००० लिटरची जुनी सक्शनची गाडी घेतली. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात भूमिगत गटार नव्हतं, आजही नाही. घरोघरी संडासची टाकी. ती तुंबली की फोन यायचा; तासाभराचं काम आणि हातात रोख पैसे. भरलेली गाडी कुठे रिकामी करणार, हे कुणीच विचारत नसे. उन्हाळ्यात एखादा शेतकरी रानात सोडून घ्यायचा. पावसाळ्यात रानात गाडी रुते, मग मैला थेट ओढ्यात. मीही तेच केलं. दोन वर्षं केलं.

एका सकाळी ओढ्यावर धुणं धुणाऱ्या काकींनी मला हाक मारली. "दादा, तू गाडी घेऊन फिरतोस म्हणून इचारते. वरनं कोण घाण सोडतंय रं? पोरं उतरत्यात पाण्यात." "बघतो काकी," एवढंच बोलून मी निघालो. तो ओढा पुढे कृष्णेला मिळतो आणि खाली सांगलीत लोक कृष्णेचंच पाणी पितात. हे मला आधीही माहीत होतं. त्या रात्री मात्र झोप लागली नाही.

ओढ्यात सोडणं त्या दिवसापासून बंद केलं. लांब रान असलेल्या दोन शेतकऱ्यांशी बोलणी करून तिथे खड्डे काढले, मैला वाळवून खत करायला सुरुवात केली. डिझेल वाढलं म्हणून दर वाढवले आणि निम्मी गिऱ्हाइकं गेली. ती तीन वर्षं घर पत्नीच्या शिलाईवर चाललं.

मग २०१८ मध्ये वाईला मैलागाळ प्रक्रिया केंद्र उभं राहिलं, दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेचं. मी मुद्दाम बघायला गेलो. गाळातलं पाणी वेगळं काढून शुद्ध करतात, गाळ वाळवून भट्टीत घालतात. पण मला जास्त भावली ती तिथली पद्धत : टाकी तुंबायची वाट न पाहता दर ३ वर्षांनी पाळीपाळीने प्रत्येक घराची टाकी उपसायची. आमच्या धंद्यातली मूळ चूक मला तिथे उमगली. दहा-दहा वर्षं न उघडलेल्या टाकीत गाळ वर चढत जातो, पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि मैला न मुरता तसाच गटारात जातो. टाकी तुंबलेली दिसते त्याच्या कितीतरी आधीपासून ती नदी घाण करत असते.

तेव्हापासून आम्ही सोसायट्यांशी ३ वर्षांचे करार करतो. जोडीला सांडपाणी शुद्ध करणारे छोटे प्रकल्पही बांधतो : आधी गाळ बसवणारी टाकी, मग आडभिंतींचे कप्पे, शेवटी खडीचा वाफा आणि त्यावर कर्दळ. वीज जवळजवळ लागत नाही, म्हणून लहान गावाला हेच परवडतं.

पहिला प्रकल्प एका मंगल कार्यालयाचा. तो फसला. लग्नसराईत स्वयंपाकघरातलं तेलतूप थेट खडीत गेलं आणि दोन महिन्यांत वाफा चिकटून बसला. तेल अडवणारा चेंबर मी धरलाच नव्हता, चूक माझी होती. सगळी खडी स्वखर्चाने काढून धुतली. आता आधी मोरी बघतो, मग नकाशा काढतो. प्रकल्पातून बाहेर पडणारं पाणी दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जातं. बीओडी, म्हणजे पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचं माप, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर गेला तर बिल थांबवून आधी दुरुस्ती करतो.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून आहे. आमचा माणूस टाकीत उतरत नाही. आतल्या वायूने माणूस दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढायला उतरलेलाही वाचत नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. "पाचशे जास्त देतो, पोराला उतरव," म्हणणारे अजून भेटतात. तिथून गाडी परत आणतो.

आज आमच्याकडे दोन गाड्या आणि सहा माणसं आहेत. प्रत्येक पावतीवर 'खेप कुठे रिकामी केली' हा रकाना असतो, खाली ड्रायव्हरची सही.

काकींच्या ओढ्याला वरून चार गटारं मिळतात, ती मी चालत जाऊन मोजली आहेत. ती ज्या आळ्यांतून येतात, त्यांतल्या दोन आळ्यांच्या टाक्या या उन्हाळ्यात उपसून झाल्या. तिसऱ्या आळीत रविवारी बैठक आहे.