तुम्ही विचारलंत म्हणून: होय, आम्ही कपडे विकतो

‘गरिबांसाठी दिलेले कपडे तुम्ही विकता, हे खरे का?’ पुण्यातल्या आमच्या संकलन केंद्रावर पिशवी ठेवता ठेवता हा प्रश्न अनेकजण विचारतात, आणि पुष्कळदा विचारण्याच्या सुरातच निकाल लागलेला असतो. होय, विकतो. चांगले कपडे धुऊन, इस्त्री करून वस्तीत अल्प किमतीला विकतो आणि टेम्पोचे व खोलीचे भाडे वजा जाता उरलेली रक्कम खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलींच्या खाणावळीसाठी देतो. ती रक्कम फार मोठी नसते, हेही सांगते.

फुकट का वाटत नाही, असे पूर्वी मीही तावातावाने विचारत असे. २०१९ च्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यात गेले, तेव्हा मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात पडलेले पाहिले. घर वाहून गेलेल्या माणसांनी त्यांना हात लावला नव्हता. विकत घेणारी बाई कापड चिमटीत धरून पाहते, उसवलेली शिवण दाखवून घासाघीस करते, नको असेल तर ठेवून जाते. फुकट घेणाऱ्याला हे करता येत नाही. अंशु गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने विहिरी खोदणे, रस्ते दुरुस्त करणे अशा गावकऱ्यांच्या श्रमांशी कपड्यांची सांगड घातली, तेवढे मनुष्यबळ आमच्यापाशी नाही. आणि बोहारणीला साड्या देऊन पातेले घेताना आपल्या आयांना कधी संकोच वाटला होता का?

हा युक्तिवाद मी एका बाईंसमोर केला, आणि तेव्हापासून तो मला पूर्वीसारखा करता येत नाही. पती गेल्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी त्यांचे सदरे घडी घालून आणून दिले होते. पुढे आमच्या विक्रीच्या दिवशी त्या सहज म्हणून आल्या आणि त्यातलाच एक निळ्या रेघांचा सदरा त्यांना टेबलावर दिसला. एक रिक्षाचालक तो अंगाला लावून पाहत होता आणि चाळीसचे तीस करा म्हणत होता. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘मी दान केलं होतं. त्यांच्या कपड्यांचा भाव होताना मला पाहायचा नव्हता.’ मी मुलींच्या खाणावळीचे सांगितले, पावत्यांची वही पुढे केली, बोहारणीचा दाखलाही दिला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, ‘पातेलं घेताना बोहारीण माझ्यासमोर बसलेली असे. व्यवहार मला ठाऊक असे.’ विक्रीची सूचना केंद्राच्या फलकावर होती, हे मी त्यांना सांगू शकले असते, पण सांगितले नाही. त्यांनी सदरा परत मागितला नाही. रिक्षाचालकाने तीस रुपये दिले आणि तो घेऊन गेला. त्यालाही त्याची गरज होतीच.

‘निदान कचरा तरी कमी होतो ना?’ असे मग दुसरे कोणी समजुतीने विचारते. होतो, पण पुरता नाही. फाटके सुती कपडे गॅरेजवाले पुसण्यासाठी नेतात. लोकरीचे कपडे व्यापाऱ्यामार्फत पानिपतला जातात, तिथे रंगांनुसार निवडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढतात आणि त्या सुताच्या स्वस्त घोंगड्या होतात. ताणल्या जाणाऱ्या मिश्र धाग्यांच्या लेगिंग्ज मात्र कोणीच घेत नाही, त्या शेवटी घंटागाडीतच जातात. शिवाय कपाट रिकामे झाले की अपराधी न वाटता नवी खरेदी करता येते, हे काहीजण आम्हाला मोकळेपणी सांगतात, आणि त्या खरेदीला आमचाही हातभार लागतो की काय, ही शंका मला छळते.

दिवंगतांचे कपडे वेगळे ठेवावेत, असे गटातील काहींचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, कारण तेच कपडे बहुधा सर्वांत जपलेले असतात आणि घेणाऱ्याला सर्वाधिक टिकतात. तरीही आता पिशवी स्वीकारण्यापूर्वी ‘हे विकले जातील, चालेल ना?’ असे आम्ही तोंडी विचारतो. काहीजण पिशवी परत नेतात. त्यांना थांबवावे की नाही, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.