एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांची नोंद: चौथा महिना

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की आरक्लोन या क्लाउडवर फाइली ठेवायच्या प्रोग्रामचा क्रिप्ट रिमोट, म्हणजे फाइली एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करून पाठवणारी सोय, नीट बसलाय, आता शेअरिंग तेवढं राहिलं. ते विधान मागे घेतो. या महिन्यात पहिल्यांदाच कोऱ्या लॅपटॉपवर सगळ्या फाइली परत मिळवून पाहिल्या आणि पहिल्या तासातच अडलो.

क्रिप्टला दोन पासवर्ड देता येतात, एक मुख्य आणि दुसरा सॉल्टसाठी, म्हणजे किल्ली बनवताना मिसळायची जादा माहिती. दुसरा ऐच्छिक आहे, पण एकदा दिला की दोन्ही मिळूनच किल्ली निघते. माझ्या कागदावर पहिलाच लिहिलेला होता! दुसरा जुन्या मशीनवर आरक्लोनच्या सेटिंग्जच्या कॉन्फिग फाइलमध्ये सापडला म्हणून वाचलो. तिथे पासवर्ड फक्त डोळ्यांआड केलेले असतात, आरक्लोनच्याच एका कमांडने उलगडतात. म्हणजे ती फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला दोन्ही पासवर्ड आयते मिळणार. आता कॉन्फिगलाच पासवर्ड लावलाय: ७७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून निवडलेले सहा शब्द. ओळखायला किती अवघड याचं माप शब्दामागे साधारण १२.९ बिट, एकूण ७७. कागदही नव्याने लिहिला, दोन्ही पासवर्डांसह.

शेअरिंगसाठी एज हा फाइली एन्क्रिप्ट करायचा प्रोग्राम वापरतोय. त्यात प्रत्येक सदस्याच्या दोन किल्ल्या असतात: कुलूप लावायची सार्वजनिक, ती कोणालाही देता येते, आणि उघडायची खासगी, ती स्वतःकडेच ठेवायची. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक फाइलसाठी १६ बाइटची नवी रँडम किल्ली बनते आणि मजकूर तिच्या जोरावर एन्क्रिप्ट होतो. मग ही छोटी किल्ली प्रत्येक सदस्याच्या सार्वजनिक किल्लीने वेगवेगळी गुंडाळून फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या भागात, ठेवली जाते. त्यामुळे फाइल दहा जणांना दिली तरी मजकूर एकदाच साठतो, हेडर तेवढं थोडं वाढतं. मला ही रचना फार सुंदर वाटते.

तिची दुसरी बाजू याच महिन्यात कळली. धाकट्या भावाचा लॅपटॉप हरवला आणि त्याची खासगी किल्ली त्यात उघडीच होती. तो म्हणाला, "दादा, लॅपटॉपला पासवर्ड होता की!" पण लॉगिनचा पासवर्ड वेगळा आणि डिस्क एन्क्रिप्ट असणं वेगळं. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की लॉगिन आडवं येतच नाही.

सदस्यांच्या यादीतून त्याची ओळ काढली. त्याने फक्त पुढच्या फाइली सुरक्षित होतात. जुन्या प्रत्येक फाइलच्या हेडरमध्ये त्याच्या नावाची गुंडाळी तशीच असते, म्हणून सगळ्या फाइली डिक्रिप्ट करून नव्या यादीने पुन्हा एन्क्रिप्ट केल्या. एक संध्याकाळ गेली. नंतर लक्षात आलं की क्लाउडवर जुन्या आवृत्त्यांचा इतिहास आहे आणि कचरापेटीही आहे. दोन्हीकडे जुन्या किल्लीने उघडणाऱ्या प्रती शाबूत होत्या. त्या पुसल्या, लॅपटॉपचं क्लाउडवरचं लॉगिन तोडलं. तरी लॅपटॉपमध्ये आधीच उतरवलेलं परत येत नाही. म्हणून त्या फाइलींमध्ये लिहिलेले राउटरचे आणि इतर खात्यांचे पासवर्डही बदलले. माझ्या मते किल्ली फुटली की खरं काम हेच असतं, आणि आपल्यातले बरेच जण पुन्हा एन्क्रिप्ट करण्यापाशी थांबतात.

आता ज्या कामात सर्वांत जास्त रमलो ते. माझी स्वतःची खासगी किल्ली माझ्याशिवाय कोणाकडेच नव्हती. मला काही झालं तर घरच्यांना काहीच उघडता आलं नसतं. किल्लीचे दोन अर्धे करून दोघांकडे द्यावे, तर एक अर्धा हरवला की सगळं गेलं. अदी शमीर यांनी १९७९ साली मांडलेली पद्धत यावर नेमकी लागू पडते. एका बिंदूतून अगणित रेषा जातात, दोन बिंदू मिळाले की रेषा पक्की होते. गुपित म्हणजे ती रेषा अक्षाला जिथे छेदते तो आकडा. रेषेवरचे तीन बिंदू तिघांना द्यायचे. कोणतेही दोघे एकत्र आले की गुपित निघतं आणि एकट्याच्या बिंदूतून त्याबद्दल काहीच कळत नाही. एक तुकडा ताईकडे, एक मित्राकडे, एक माझ्या कपाटात.

एजची खासगी किल्ली ७४ अक्षरांची असते आणि तिच्यात चेकसम, म्हणजे चूक पकडणारी जादा अक्षरं, असतो. तुकडे जोडून आलेली किल्ली मी मुद्दाम एक अक्षर बदलून दिली, एजने लगेच नाकारली. मूळ तशीच दिली, फाइल उघडली. तुकड्यांना मात्र असा चेकसम नाही, म्हणून ते हाताने न लिहिता छापून घेतले आणि प्रत्येकावर कोणता प्रोग्राम वापरायचा तेही छापलं.

पुढच्या रविवारी ताई आणि मित्र त्यांचे दोन तुकडे घेऊन बसणार आहेत. समोर कोरा लॅपटॉप आणि छापील सूचनांचं एक पान. मी दुसऱ्या खोलीत थांबेन आणि ते कुठे अडतात तेवढं टिपून ठेवेन.