कार्ड सुंदर, पण लिहायचं कुठे?

आमच्या प्रेसमध्ये नोटकार्डं, पाकिटं असलीच कामं जास्त असतात आणि खरं सांगायचं तर आमचं सगळं लक्ष पुढच्या बाजूकडे, आत लोक काय लिहितात, कशाने लिहितात हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी सकाळी एक मॅडम अडीचशे कार्डांचा बॉक्स घेऊन आल्या. आदल्या दिवशीच डिलिव्हरी झालेली, ३०० जीएसएमचा म्हणजे चांगला जाड कॉटन कागद, लेटरप्रेसमध्ये, म्हणजे ठसा कागदात दाबून छापलेली वेलबुट्टी, बोट फिरवलं की ठसा लागतो असं काम. त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त एक कार्ड उघडून समोर ठेवलं. पहिल्या ओळीतलं प्रत्येक अक्षर फुटलेलं, जणू टीपकागदावरच लिहिलंय.

सर म्हणाले पेनचा दोष असेल. मला ते पटेना म्हणून मी आमच्या जुन्या सँपलवर आणि या कार्डावर पाण्याचा एकेक थेंब टाकला. सँपलवर थेंब तसाच गोल बसून राहिला आणि यावर बघता बघता आत गेला. मग उलगडा झाला, सँपलचा कागद संपला होता म्हणून आम्ही ‘तोच पांढरा, तेवढाच जाड’ असा दुसरा लॉट वापरलेला. पण शाई लगेच शोषली जाऊ नये म्हणून कागद बनवताना जे साइझिंग करतात ते यात नावालाच होतं. मऊ कागद, ठसा मस्त खोल येतो, शाईपेनाला मात्र बेकार. आम्ही बॉलपेनने चेक करतो ना, त्यात हे कळणार कसं!

मॅडमना दोन दिवसांत लिहायला बसायचं होतं, परत छापायला वेळच नाही. मग ठरलं की प्रत्येक कार्डात लिहायच्या कागदाचं आतलं पान लावायचं, घडीजवळ गोंदाची एक बारीक रेघ. कार्ड ए६, म्हणून पान चारी बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर कमी. पहिली वीसेक पानं मी घाईत ग्रेन (कागदातल्या तंतूंची दिशा) घडीला आडवा ठेवून कापली आणि ती घडीत बसेनात, कार्ड आपोआप उघडायचं, सगळी फेकली. ग्रेन घडीला समांतर घेतला तेव्हा कुठे पान गपचूप बसलं. गोंद जरा जास्त झाला की कागदाला लाटा, त्यामुळे टूथपिकने लावत बसलो, रात्री अकरा वाजले. (माझी बोटं दोन दिवस चिकट होती.)

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतःचं पेन घेऊनच आल्या. वरचं कार्ड नाही घेतलं, गठ्ठ्याच्या मधून ओढून काढलं, हुशार बाई! दोन ओळी लिहिल्या, अक्षर एकदम कोरीव आलं. मी सुटकेचा श्वास सोडणार तेवढ्यात त्यांनी त्याच पेनने पाकिटावर पत्ता लिहिला. आमचं पाकीट चमकदार कोटिंगचं, शाई वरच तरंगत राहिली. पाच मिनिटांनी त्यांनी अंगठा फिरवला तर पिनकोड गायब.

सरांनी माझ्याकडे बघितलं, मी कागदाच्या कपाटाकडे. साधी पाकिटं साठच निघाली.

“उरलेल्यांवर बॉलपेन,” मॅडम म्हणाल्या आणि पेनला टोपण लावलं.