पडक्या वास्तूंचे फोटो : आमची वाटचाल

आमच्या स्टुडिओची सुरुवात लग्नकार्यांच्या फोटोंपासून झाली. पडक्या वाड्यांचे काम वास्तुविशारदांमुळे आले. डागडुजीला हात घालण्याआधी त्यांना वाड्याची 'आहे तशी' नोंद हवी असते. मग घर पाडायच्या आधी ते निदान फोटोत राहावे असे वाटणारे मालक येऊ लागले. वाटणीच्या तोंडावरची भाऊबंदकीही आली. आता घाटावरचे वाडे आणि कोकण-गोव्यातली जांभ्याची घरे हेच आमचे मुख्य काम आहे.

या कामात आमची एक पद्धत पक्की होत गेली : पाणी ज्या वाटेने आत शिरले, त्याच वाटेने फोटो काढायचे, वरून खाली. जुन्या गोव्यातल्या संत ऑगस्टीनच्या मनोऱ्यावरून हे नीट कळते. १८३५ मध्ये तिथला मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भिंतीसह निम्मा मनोरा खाली आला. आधी छत, मग भिंती. गावच्या वाड्यातही हाच क्रम असतो. चार कौले सरकतात, वाशांची टोके कुजतात, भिंतीचा माथा उघडा पडतो आणि आतली माती-चुन्याची भर पावसागणिक धुऊन जाते. म्हणून लांब काठीवर कॅमेरा चढवून आम्ही पहिला फोटो माथ्याचा घेतो. जमिनीवरून काढलेल्या फोटोत भिंत धडधाकट दिसते, पण माथा पोकळ झालेला असतो.

लोणा मात्र खालून चढतो. जमिनीतली ओल क्षार घेऊन भिंतीत वर येते, पाणी उडून जाते आणि क्षारांचे स्फटिक गिलाव्याला आतून रेटतात. चुन्याच्या भिंतीवर कोणी सिमेंट थापले असेल तर ओल कोंडते आणि लोणा आणखी वर सरकतो. समोरून फ्लॅश मारला की यातले काहीच दिसत नाही, भिंत सपाट येते. आम्ही एलईडी दिवा भिंतीला जवळजवळ चिकटवून, १० ते १५ अंशांच्या तिरक्या कोनात धरतो. मग प्रत्येक पापुद्र्याची सावली पडते आणि फुगवटा कुठे संपतो ते रेषेसारखे दिसते. कॅमेरा भिंतीला समांतर, आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) १००, छिद्र (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट) एफ ८. चौकटीत मोजपट्टी हवीच, आणि पहिल्या फोटोत रंगपट्टी, म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकोनांची पट्टी. ती नसेल तर ओलीचा काळपट डाग आणि वाळलेले शेवाळ संगणकावर वेगळे ओळखता येत नाहीत.

पिंपळाचे फोटो पानगळीत काढावेत. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडते आणि मुळे चुन्याच्या ओलीमागे जातात. पावसाळ्यातला हिरवा फोटो देखणा असतो, पण दगड कुठे सरकला ते पानांआड जाते. मुळाचा माग काढताना शेजारशेजारच्या फोटोंत ६० ते ७० टक्के भाग सामाईक ठेवतो, म्हणजे ते नीट जुळतात. दगडफुलासाठी, म्हणजे दगडावर वाढणाऱ्या पापुद्र्यासारख्या थरासाठी, मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स लागते. तिथे फोकस कणाकणाने पुढे सरकवत १५-२० फोटो घेऊन एकत्र करावे लागतात.

माजघरातला अंधार आणि खिडकीबाहेरचे ऊन एका फोटोत मावत नाही. दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने पाच फोटो घेऊन जोडतो, पण सावल्या फार उजळत नाही. कोपरे काळेच असतात, ते तसेच राहावेत. माडीवर ट्रायपॉडचे पाय तुळईच्या रेषेत ठेवायचे. दोन तुळयांच्या मधे ठेवला तर नुसत्या श्वासाच्या हालचालीनेही फळ्या लवतात आणि चार सेकंदांचा फोटो हलतो. टायमर १० सेकंदांचा, आणि फोटो पुरा होईपर्यंत कोणी पाऊल उचलायचे नाही.

चालतानाही तुळईवरूनच, भिंतीच्या कडेने. फळी वरून कोरी दिसते, वाळवी खालून खाते. वटवाघळांची लीद असलेल्या खोलीत एन-९५ मास्कशिवाय आम्ही जात नाही, त्या धुळीतल्या बुरशीने फुप्फुसांचा आजार होतो. आग्या मोहोळ दिसले की फ्लॅश, ड्रोन आणि अत्तर बंद. घोणस दगडांच्या ढिगात असते, म्हणून घोट्याच्या वर जाणारे बूट हवेत.

परवानगी आधी, कॅमेरा नंतर. ओसाड घरालाही मालक असतो. मिळकत पत्रिकेवर सात-आठ नावे असली तर आम्ही सर्वांची लेखी संमती मागतो, कारण नंतर हरकत नेमकी न विचारलेल्याकडूनच येते. वसईच्या किल्ल्यासारख्या केंद्रीय संरक्षित वास्तूत ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते.

अलीकडे सर्वांत जास्त मागणी जोडफोटोंची आहे : पहिला मे महिन्यात, दुसरा पाऊस ओसरल्यावर, त्याच जागेवरून. ट्रायपॉडच्या पायांच्या खुणा फरशीवर रंगाने करतो, लेन्सची उंची वहीत लिहितो आणि दोन्ही वेळा आकाश ढगाळ असलेला दिवस पाहतो. उन्हाची सावली बदलली की भेग रुंदावल्याचा भास होतो. भेगेवर काचेची पट्टी चुन्याने चिकटवलेली असेल तर तिचा जवळून फोटो वेगळा घेतो. पट्टी तडकली असेल तर भिंत अजून हलते आहे, आणि तो फोटो त्याच दिवशी वास्तुविशारदाकडे जातो.