तुम्ही विचारलंत म्हणून: बनियनचं कापड घरच्या मशीनवर

ब्लाउजचं माप द्यायला येणाऱ्या बायका आधी माझ्या अंगातल्या टॉपकडं बघतात. मग त्याची शिवण चिमटीत धरून उलटी करतात आणि विचारतात, "काकू, हे घरीच शिवायलाव का? बनियनचं कापड आपल्या मशीनवर होतंय?" विचारणाऱ्या बहुतेकींना कटोरी ब्लाउज डोळे झाकून येतो. म्हणून जरा सविस्तर सांगते. होतं, आणि ब्लाउजपेक्षा सोपं होतं.

ब्लाउजपीस ताणत नाही, सगळी कटकट तिथून सुरू होते. टक्स घ्या, कटोरी काढा, प्रिन्सेस कट द्या, ही सारी करामत त्या ताठ कापडाला अंगावर बसवण्यासाठी. मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, पाव इंच चुकला की हात वर होत नाही. होजिअरीचं, म्हणजे बनियनचं, कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं नसतं. फाशात फासा अडकवत गेलेलं असतं. ताणलं की फासे लांबतात, सोडलं की बऱ्यापैकी जागेवर येतात. त्यामुळं पाव इंचाची चूक हे कापड पोटात घालतं. टक्स नाहीत, अस्तर नाही, हुक नाहीत. पुढचा भाग, मागचा भाग, दोन बाह्या आणि गळ्याची पट्टी, एवढाच कारभार.

मग "आमच्याकडून बिघडलं" असं का ऐकू येतं? दहातल्या नऊ वेळा सुईमुळं. ब्लाउजची टोकदार सुई फाशांतून न जाता धागाच तोडते, आणि दोन-चार धुण्यांनंतर शिवणीच्या कडेनं बारीक भोकं दिसायला लागतात. बॉल पॉइंट सुई मागा. तिचं टोक गोलसर असतं, ते धागा बाजूला सारून जातं. पातळ कापडाला ११ नंबर, जाडसर असेल तर १४. टाके सुटत असतील तर कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर-खाली होतंय असं समजा; त्यामुळं खालच्या शटलला पकडायला धाग्याचा फासाच नीट तयार होत नाही. दाबपट्टीचा दाब थोडा कमी करा, खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून टीप मारा आणि मग कागद फाडून काढा. दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुती दोरा ताणाला टिकत नाही.

कापडाच्या कडा दोऱ्यानं गुंफणारं ओव्हरलॉक मशीन नाही म्हणून अडून बसू नका. हे कापड दोरे सोडत नाही, ओव्हरलॉक फक्त आतून देखणं दिसतं. खरी गरज झिगझॅगची, तीही अगदी बारीक, जेमतेम वाकडी दिसेल एवढीच. पायाच्या काळ्या मशीनवर सरळच टीप येते. तिथं कापड दोन्ही हातांनी किंचित ताणून धरा आणि टाका बारीक ठेवा. बाजूच्या शिवणीला एवढं पुरतं. गळा, मुंढा आणि खालचा घेर मात्र डोक्यातून घालताना ताणले जातात आणि सरळ टीप तिथं तटकन तुटते. तेवढं काम पिको-फॉलवाल्या ताईंकडून झिगझॅग मारून आणा. खांद्याचं उलटं आहे, तो ताणला गेलेला चालत नाही. त्या शिवणीत सुती नाडीची पट्टी धरून शिवा, नाहीतर बाही महिन्याभरात दंडावर उतरते.

आता बेतण्याचं. स्वस्तातला टी-शर्ट दोन-तीनदा धुतला की बाजूची शिवण पोटावर फिरून येते, हे प्रत्येकीनं पाहिलंय. धुणाऱ्याचा त्यात दोष नाही. हे कापड गोल मशीनवर नळीसारखं विणलं जातं. धाग्याला दिलेला पीळ विणल्यानंतरही सुटायला बघत असतो आणि फाशांच्या उभ्या ओळींना तिरकं ओढतो. कारखान्यात ती नळी दाबून सपाट करतात आणि घडीवर घडी टाकून कापतात. पहिलं पाणी लागलं की कापड आपल्या मूळच्या तिरकेपणावर जातं आणि शिवण त्याच्यामागं जाते.

म्हणून आधी कापड रात्रभर भिजवा, न पिळता सावलीत आडवं वाळवा आणि मगच कात्री लावा. सुती होजिअरी लांबीत जास्त आटते, तेही यातच उरकतं. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. इथं "कोरं कापड बादलीभर पाण्यात भिजवा" म्हटलं की बायका माझ्याकडं कशा बघतात ते मला माहीत आहे. ते पाणी तुळशीला घालू नका, रंग असतो. फरशी पुसा. कापताना दुकानातून आलेल्या घडीवर विसंबू नका. उजेडाकडं धरून फाशांची एक उभी ओळ शोधा, तिच्यावर खडूनं रेघ मारा आणि तीच मध्यरेषा धरा. जास्त ताणणारी बाजू अंगाभोवती आडवी आली पाहिजे. पेपर कटिंगला क्लासची वही लागत नाही. अंगाला बसणारा जुना टी-शर्ट मधोमध दुमडून वर्तमानपत्रावर ठेवा आणि कडेनं अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीसाठी जास्तीचं कापड, सोडून आखा. छातीच्या मापाएवढं कापलं तरी टॉप अंगात जातो. पण एप्रिल-मे आपल्याकडचा आहे. मी चार इंच ढगळच ठेवते.

गळ्याची पट्टी गळ्याएवढी कापलीत तर गळा झालरीसारखा उभा राहणार. गळा २४ इंच भरला तर पट्टी २० ते २१ इंच, अधिक जोडाची माया. गळ्याचे आणि पट्टीचे चार-चार भाग करून टाचण्या लावा आणि शिवताना फक्त पट्टी ताणा.

कापड आपल्या लातूरच्या गंजगोलाई बाजारात मिळतं, पण मीटरवर मागू नका. होजिअरी बहुतेक किलोवर विकतात, तिरुपूरकडून येते. दुकानदार जीएसएम सांगतो, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम ते. रोजच्या टॉपला १८० बरं. त्या हिशेबानं किलोत साडेपाच चौरस मीटर येतं. सपाट ठेवल्यावर ३६ इंच रुंद भरणारी दुहेरी नळी असेल तर सुमारे तीन मीटर लांब. त्यात अर्ध्या बाह्यांचे तीन ढगळ टॉप निघतात आणि पट्ट्यांनाही उरतं. पैसे वाचतात का? थोडेफार. त्यासाठी मी शिवत नाही. बाजारातला टॉप मला दंडाला आवळतो आणि मागून आखूड पडतो, तो कितीही स्वस्त मिळाला तरी मला काय उपयोग?

खिसा लावून द्या म्हणू नका. मोबाइलच्या वजनानं टॉप एका बाजूला लोंबतो.

पहिल्यांदा निसरडं लायक्रावालं कापड घेऊ नका, साधी सिंगल जर्सीही नको, ती कापल्या कापल्या कडेनं गुंडाळते. दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं इंटरलॉक मागा, गपगार पडून राहतं. आणि खालची कड दुमडायचा कंटाळा आला तर कापली तशीच सोडून द्या, उसवत नाही. सासूबाईंना ते चालणार नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवते.