कोकणावरचं मोकळं आभाळ

विमानाच्या उड्डाणाची आखणी जमिनीवर बसलेला एक माणूस करतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं. मार्ग कोणता, उंची किती, इंधन किती, उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ कोणता, हे सगळं तो ठरवतो आणि विमान उतरेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवतो. त्याला फ्लाइट डिस्पॅचर म्हणतात. मी तेच काम करतो, गुरुग्रामच्या एका खिडकी नसलेल्या खोलीत. समोर चार पडदे. त्यातल्या एकावर भारताचा नकाशा, त्यावर सरकणारी विमानं आणि त्यांच्याखाली हवामानाचे थर: रडार, उपग्रह, विजा, वारे.

या नकाशावरची विमानं आपली जागा स्वतःच सांगत असतात. प्रत्येक विमान 1090 मेगाहर्ट्झवर आपलं ठिकाण, उंची आणि वेग सतत प्रसारित करत असतं. जमिनीवरचे रिसीव्हर ते ऐकतात. यातले कितीतरी रिसीव्हर हौशी लोकांनी आपापल्या गच्चीवर बसवलेले आहेत. कोकण किनाऱ्यापासून दूर समुद्रावर, कमी उंचीवरच्या विमानाचा संदेश कुठल्याच रिसीव्हरपर्यंत पोहोचला नाही, तर नकाशा थोडा वेळ अंदाजाने विमान पुढे सरकवत राहतो. हे सगळं मला पाठ आहे. तरीही जूनच्या पहिल्या आठवड्यातली ती संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

मुंबईत मान्सून साधारण 11 जूनला पोहोचतो. त्याच्या आधीचे आठ-दहा दिवस आमच्यासाठी पावसाळ्यापेक्षा वाईट. भर पावसाळ्यात मुंबईवर पाऊस तासन्‌तास पडतो, पण त्याची चाल कळते. मान्सूनपूर्व वादळं दुपारी सह्याद्रीच्या पूर्वेला उभी राहतात आणि संध्याकाळी घाट उतरून समुद्राकडे येतात. तोवर मुंबईत पश्चिमेचा खारा वारा असतो आणि विमानं पूर्वेकडून येऊन धावपट्टी 27 वर उतरत असतात. वादळाचा थंड झोत पोहोचला की वारा काही मिनिटांत उलटतो, पूर्वेकडून येतो. 27 वर उतरणाऱ्याच्या पाठीत वारा. मग तीच धावपट्टी उलट्या बाजूने, 09 म्हणून, वापरायची, म्हणजे रांगेतली सगळी विमानं फिरवून समुद्राच्या बाजूने आणायची. यात वेळ जातो, आणि त्या वेळात आकाशातलं प्रत्येक विमान इंधन जाळत असतं. 13 मे 2024 ला मुंबईवर धुळीचं वादळ आलं तेव्हा विमानतळ तासाभरासाठी बंद ठेवावा लागला होता आणि 15 विमानं इतरत्र गेली होती.

त्या दिवशी माझ्याकडे कोलकाता–मुंबई होतं. ए320, पूर्ण भरलेलं, कोलकात्याहून 16:35 ला निघालेलं. मुंबईच्या टॅफमध्ये, म्हणजे विमानतळाच्या अंदाजात, संध्याकाळी अधूनमधून गडगडाटी पाऊस लिहिला होता. म्हणून नेहमीच्या हिशोबावर मी 800 किलो जास्तीचं इंधन मागितलं होतं. नेहमीचा हिशोब म्हणजे प्रवासाचं इंधन, त्याच्या 5 टक्के आकस्मिक, पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि शेवटी 30 मिनिटांचा राखीव साठा, ज्याला हात लावायचा नसतो. पर्यायी होतं अहमदाबाद. हे सगळं बाजूला ठेवून मुंबईवर घिरट्या घालायला उरणार होतं साधारण 1080 किलो. घिरट्यांमध्ये या विमानाला मिनिटाला 40 किलोच्या आसपास लागतं. म्हणजे 27 मिनिटं.

साडेसहाला मुंबईचा मेटार, म्हणजे विमानतळावरच्या त्या क्षणीच्या हवेचा अहवाल, आला: वारा पश्चिमेचा 10 नॉट, दृश्यता 4000 मीटर, धूसर, जवळपास क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी ढग. विमानं उतरत होती. नकाशावर पुणे आणि अहिल्यानगरवर लाल-पिवळा पट्टा, आणि घाटाच्या पश्चिमेला रायगडपासून रत्नागिरीपर्यंत एकही रंग नाही.

त्याच वेळी वरिष्ठांपैकी एकांचा फोन आला. त्यांच्या मोबाइलवर हाच नकाशा होता.

"दक्षिणेकडून पूर्ण मोकळं आहे. अलिबागवरून आणा ना त्याला. उगाच वळवायची घाई नको."

"सर, ते मोकळं मला खरं वाटत नाही. पाच मिनिटं द्या."

खरं का वाटलं नाही, ते नीट सांगतो, कारण माझ्या धंद्यातली मला सगळ्यात प्रिय गोष्ट हीच आहे. त्या लाल पट्ट्याची पश्चिमेची कड गोल होती, कंपासने काढल्यासारखी गोल. पाऊस असा कापल्यागत थांबत नाही. अशी कड रडारच्या पल्ल्याची असते. मी मनात त्या गोलाचा मध्य काढला, तो सोलापूरला आला. सोलापूरचं रडार जितकं लांब पाहू शकतं तितकंच आम्ही पाहत होतो. मुंबईच्या रडारची प्रतिमा आमच्या पुरवठादाराकडे पोहोचलीच नव्हती, आणि बाकीच्या ठिकाणांची येत असल्यामुळे कोपऱ्यातली वेळ मात्र ताजी दिसत होती. कोकणाचा कोरेपणा म्हणजे पाऊस नसणं नव्हे, माहिती नसणं. दोन्हीला एकच रंग देणारा नकाशा विकला जातो आणि विकत घेतला जातो, याचा मला आजही संताप येतो. माहिती नाही तिथे राखाडी रंग भरणं अशक्य आहे का?

जो पट्टा दिसत होता तोही अर्धाच. 200 किलोमीटरवर रडारचा सगळ्यात खालचा झोतसुद्धा पृथ्वीच्या वक्रतेमुळे जमिनीपासून चार किलोमीटर वर गेलेला असतो. त्याच्या खाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

मी रडारचा थर बंद केला. इन्सॅट उपग्रहाची प्रतिमा लावली. रोहा-माणगावच्या वर ढगांच्या माथ्याचं तापमान उणे 70 अंशांच्या आसपास होतं. एवढा थंड माथा म्हणजे ढग 50 हजार फुटांपर्यंत गेलेला. ए320 ची कमाल उंची 39 हजारांच्या आसपास, त्यामुळे वरून ओलांडायचा प्रश्नच नाही. शेजारच्या सहकाऱ्याने मोबाइलवर दामिनी उघडलं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजांचं अ‍ॅप. रायगड जिल्हा भरून गेला होता.

मग मी विमानांच्या शेपट्या पाहिल्या. प्रत्येक विमानामागे नकाशा त्याने कापलेली वाट काढून ठेवतो. गोव्याहून मुंबईला येणारी विमानं एरवी किनारा धरून येतात. त्या संध्याकाळी शेवटची तिन्ही रत्नागिरीच्या अलीकडेच डावीकडे वळून खोल समुद्रात गेली होती आणि मोठा फेरा घेऊन आली होती. ज्या कोऱ्या जागेला ती वळसा घालत होती, तीच सरांची मोकळी जागा. त्या तिन्ही कॉकपिटमधल्या रडारने तिथे काहीतरी पाहिलं होतं. कुठल्याही विकत घेतलेल्या थरापेक्षा मी या वाकड्या रेघांवर जास्त विश्वास ठेवतो. वैमानिक कारण नसताना समुद्रात पन्नास मैल जात नाही. नव्या मुलांना मी पहिल्यांदा हेच शिकवतो, आणि त्यांना मात्र रंगच पाहायचे असतात.

18:42 ला मुंबईचा विशेष अहवाल आला. वारा पूर्वेकडून 32 नॉट, झोत 45 चे, दृश्यता 800 मीटर, गडगडाटासह पाऊस. उतरणं थांबलं. किती वेळ, ते हवाई नियंत्रणही सांगू शकत नव्हतं. आमचं विमान छत्रपती संभाजीनगरच्या जवळ, 36 हजार फुटांवर. मिनिटाला पंधरा किलोमीटर मुंबईकडे सरकणारं.

कॅप्टन मॅडमना मी एकार्सवर, म्हणजे विमानाशी लेखी बोलायच्या यंत्रणेवर, थोडक्यात कळवलं: मुंबई बंद, दक्षिणेची मोकळी जागा खोटी, मुंबईचं रडार नकाशात नाही. त्यांचं उत्तर आलं: "समोर लाल, त्यामागे काळं." विमानाच्या नाकातल्या रडारचा झोत पहिल्याच मुसळधार पावसात शोषला जातो, त्यामुळे मागचं वादळ पडद्यावर काळं, म्हणजे रिकामं दिसतं. अनुभवी वैमानिक अशा काळ्याला घाबरतो. त्यांना तिथे आणि मला इथे, दोघांनाही वादळाच्या जागी रिकामी जागा दिसत होती, वेगवेगळ्या कारणांनी.

पर्याय कोणता? कागदावर अहमदाबाद. पण पुन्हा शेपट्या पाहिल्या, तर मुंबईच्या वायव्येला एकामागून एक विमानं उत्तरेला वळत होती. अहमदाबादला फोन लावला. उभं राहायला जागा जवळपास संपल्या होत्या आणि इंधनाच्या गाड्यांसाठी रांग लागणार होती. नागपूर मागे पडलं होतं, पण संभाजीनगरहून अहमदाबादपेक्षा जवळ. आभाळ स्वच्छ, जागा रिकाम्या. मी नागपूर सुचवलं. मॅडमनी 18:51 ला विमान वळवलं. नकाशावर त्यांची शेपटी गळासारखी वाकली. साडेसातच्या सुमारास विमान नागपूरला टेकलं.

आणि मुंबईची धावपट्टी 19:45 ला उघडली.

आमचंच दुसरं विमान, हैदराबाद–मुंबई, मुंबईच्या पूर्वेला 50 मिनिटं घिरट्या घालून 19:56 ला उतरलं. नागपूरचं विमान इंधन भरून, मुंबईची रांग सुटण्याची वाट पाहून 23:50 ला पोहोचलं. त्यात एक मुलगा होता, जर्मनीला नोकरीवर रुजू व्हायला निघालेला. त्याचं पुढचं विमान 00:45 चं, तिकीट वेगळं काढलेलं, त्यामुळे त्या विमानाने थांबण्याचा प्रश्नच नव्हता. चेक-इन बंद झालं होतं.

त्याची आई त्याला निरोप द्यायला मुंबई विमानतळावर आली होती. ती सगळी संध्याकाळ मोबाइलवर हाच नकाशा पाहत बसली होती. तिने आमच्या काउंटरवरच्या मुलीला पडदा दाखवला. "अहो ताई, हे बघा ना, तुमचंच हैदराबादचं विमान गोल गोल फिरून उतरलं. आमचं नागपूरला मागे का नेलं? आभाळ तेच ना?" काउंटरवरची मुलगी दुसऱ्या दिवशी मला फोनवर म्हणाली, "दादा, काय सांगायला हवं होतं मी त्यांना?"

लोक नकाशा पाहून आम्हाला शहाणपण शिकवतात तेव्हा मी सहसा चिडतो. या बाईंवर चिडता आलं नाही. प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर त्या नकाशावर कुठेच नव्हतं.

उत्तर असं आहे. हैदराबादच्या विमानात दीड टन जास्तीचं इंधन होतं. वादळासाठी भरलेलं नव्हे. विमानाच्या इंधनावर महाराष्ट्रात मुंबई-पुण्याला तेव्हा 18 टक्के कर होता. 2023 पर्यंत तो 25 होता. तेलंगणात तो बराच कमी. म्हणून कंपन्या तिकडून परतीच्या फेरीचंही इंधन भरून आणतात. या जास्तीच्या इंधनाने त्यांना आणखी 37 मिनिटं दिली, एकूण तासाभराहून अधिक. आमच्याकडे होती 27. आमचं विमान सात वाजून पाच-सात मिनिटांनी मुंबईवर पोहोचलं असतं आणि 19:35 च्या आत त्याला निघावं लागलं असतं, धावपट्टी उघडायच्या दहा मिनिटं आधी. मग अहमदाबाद, तेही तिथल्या गर्दीत, इंधनाच्या रांगेत शेवटी. मुलाचं विमान तरीही चुकलं असतं, आणि इंधनाची टाकी रिकामी होत आलेली असताना मॅडमना तिसरा विमानतळ शोधावा लागला असता.

हे गणित मी कितीदा केलं तरी तेच येतं. तरी एक गोष्ट टोचते. एका विमानाला वाट पाहता आली ती करामुळे. हवामानाचा अंदाज मला आधीपासून माहीत होता, पण त्याच्या नावावर मला 800 किलोच मिळतात. त्यापुढे प्रत्येक किलोचं कारण लिहावं लागतं, कारण जास्तीचं इंधन वाहून नेण्यात त्यातलंच साधारण तीन टक्के दर तासाला जळतं. पैसे वाचवायला दीड टन वाहिलेला चालतो. वादळासाठी तेवढाच वाहायचा म्हटलं की बैठक होते.

महिन्याच्या आढाव्यात त्या दिवसाचा तक्ता आला. दोन ओळी होत्या. हैदराबाद: थांबलं, उतरलं, उशीर 55 मिनिटं. कोलकाता: वळवलं, उशीर साडेचार तास. "हे टाळता आलं असतं," असं दुसऱ्या ओळीपुढे लिहिलेलं. तक्ता तयार करणाऱ्यांनी फक्त नकाशाची नोंद पाहिली होती, रेघा आणि वेळा. मी उभा राहून म्हटलं की यात मुंबईवर पोहोचतानाच्या इंधनाचा रकाना घाला, आणि त्याच्या शेजारी ते कशासाठी भरलं होतं त्याचा. सरांनी मान हलवली, टिपून घेतलं. गोल कडेचं चित्र जपून ठेवलं होतं, तेही दाखवलं. त्यावर मात्र खोलीत बराच वेळ चर्चा झाली, पुरवठादाराला पत्र गेलं.

पुढच्या महिन्याचा तक्ता आला आहे. रकाने तेच आहेत. मी पुन्हा लिहून दिलं आहे.